समुद्रशैवाल : जीवन, अधिवास आणि मानवी उपयोग

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• समुद्रशैवालाची रचना आणि त्याचे तीन प्रमुख गट सांगता येतील;
• भरती-ओहोटी, प्रकाश आणि ऋतुमान यांचा त्याच्या अधिवासाशी असलेला संबंध स्पष्ट करता येईल;
• जीवनचक्राचे ज्ञान आणि मानवी उपयोग यांचे नाते उदाहरणांसह विशद करता येईल;
• मन्नारचे आखात आणि कोकण या किनाऱ्यांच्या संदर्भात समुद्रशैवालाच्या लागवडीचा विचार करता येईल.

१. प्रस्तावना

किराणा मालाच्या दुकानात 'चायना ग्रास' या नावाची एक पुडी मिळते. तिच्यात पांढुरक्या, वजनाला हलक्या, कडक पट्ट्या असतात किंवा त्यांची भुकटी असते. हा पदार्थ पाण्यात उकळून दुधात मिसळला आणि दूध निवू दिले, की ते थिजते व त्याच्या वड्या पाडता येतात. जिलेटिन प्राण्यांपासून मिळते, म्हणून शाकाहारी घरांत त्याऐवजी चायना ग्रास वापरण्याची पद्धत आहे. नावावरून हे एखादे चिनी गवत असावे असा समज होतो. परंतु ते गवत नव्हे. समुद्रातल्या तांबड्या शैवालापासून काढलेला तो 'अगार' नावाचा पदार्थ आहे.

नावामुळे झालेली ही गफलत एकटी नाही. संस्कृत काव्यातले 'शैवल' हे तळ्यातले, कमळाच्या सोबतीचे आहे. कालिदासाच्या 'शाकुंतला'त ते याच रूपात येते. मराठीतल्या 'शेवाळ' या शब्दाला निसरडेपणाची आणि अस्वच्छतेची छटा आहे. विहिरीच्या पायऱ्यांवर किंवा पावसाळ्यात भिंतीवर धरते ते शेवाळ. इंग्रजी भाषेने तर समुद्रशैवालाच्या नावातच 'तण' हा शब्द घातला आहे. या सर्व नावांमागे एकच गृहीत दिसते : ही एक आपोआप उगवणारी, बिनमोलाची वस्तू आहे आणि तिच्याविषयी विशेष जाणून घेण्यासारखे काही नाही.

हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्याची किंमत किनाऱ्यावरच्या माणसांना मोजावी लागते. समुद्रशैवालाचे जीवन जितके समजले, तितकाच त्याचा उपयोग टिकला. जिथे ते न समजता उपयोग सुरू झाला, तिथे पीक बुडाले किंवा किनाऱ्याची हानी झाली. प्रस्तुत घटकात आपण हे सूत्र जपान, तमिळनाडू आणि कोकण या तीन किनाऱ्यांच्या आधारे समजून घेणार आहोत. त्यापूर्वी समुद्रशैवाल म्हणजे नेमके काय, हे पाहू.

२. समुद्रशैवालाची रचना

समुद्राच्या पाण्यात वाढणाऱ्या आणि नुसत्या डोळ्यांनी दिसू शकणाऱ्या शैवालांना समुद्रशैवाल म्हणतात. वनस्पतीप्रमाणेच ती सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने स्वतःचे अन्न तयार करतात. परंतु त्यांना मूळ, खोड, पान, फूल, फळ आणि बी यांपैकी काहीही नसते. शैवालाचा तळाचा भाग खडकाला घट्ट चिकटून राहतो. त्याला 'दृढबंध' असे म्हणतात. दिसायला तो मुळासारखा असला तरी मुळाचे काम करीत नाही. जमिनीवरच्या झाडाला पाणी आणि क्षार मातीतून ओढून घेऊन शेंड्यापर्यंत पोहोचवावे लागतात. शैवाल पाण्यातच बुडालेले असल्यामुळे आपल्या सर्वांगाने क्षार शोषून घेते. दृढबंधाचे काम एवढेच, की लाटेने शैवाल उपटले जाऊ नये.

दृढबंधाच्या वर काही जातींत देठासारखा भाग आणि त्यावर पानासारखी पाती असतात. 'सरगॅसम' या आपल्याकडच्या शैवालात मोहरीपासून वाटाण्याएवढ्या आकाराचे हवेने भरलेले फुगे असतात. अनेकांना ती फळे वाटतात. वस्तुतः त्या फुग्यांमुळे शैवाल पाण्यात उभे तरंगते आणि त्याची पाती प्रकाशाच्या जवळ राहतात. शैवालाच्या अंगाला हात लावल्यास ते बुळबुळीत लागते. पेशीभित्तिकेत असणाऱ्या चिकट शर्करायुक्त द्रव्यांमुळे असे होते. ओहोटीच्या वेळी ऊन लागले तरी ही द्रव्ये पाणी धरून ठेवतात आणि लाटेच्या माऱ्यात शैवालाला लवचीक ठेवतात. माणसाने समुद्रशैवालाचा जो औद्योगिक उपयोग केला, तो प्रामुख्याने याच द्रव्यांचा आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

३. तीन गट आणि प्रकाशाचा प्रश्न

समुद्रशैवालांचे हिरवी, पिंगल म्हणजे तपकिरी, आणि तांबडी असे तीन गट केले जातात. वर्गीकरण रंगावरून केल्यासारखे वाटते. परंतु रंगामागे त्यांच्या शरीररचनेतील आणि वंशपरंपरेतील खोल भेद आहेत. हिरवी शैवाले जमिनीवरील वनस्पतींच्या जवळच्या नात्यातली आहेत. पिंगल शैवालांचे नाते मात्र वनस्पतींशी नसून डायाटम नावाच्या सूक्ष्म जीवांशी अधिक जवळचे आहे. आंब्याचे झाड आणि हिरवे शैवाल हे परस्परांचे दूरचे भाऊबंद ठरतात. सरगॅसम त्या कुळात बसत नाही.

हरितद्रव्य तिन्ही गटांत असते. पिंगल शैवालात त्याच्या जोडीला फ्यूकोझँथिन आणि तांबड्या शैवालात फायकोएरिथ्रिन हे रंगद्रव्य असते. या जादा रंगद्रव्यांचे प्रयोजन पाण्यातील प्रकाशाशी निगडित आहे. सूर्यप्रकाशातील तांबडा भाग पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, तर निळा-हिरवा प्रकाश अधिक खोलवर पोहोचतो. तांबड्या शैवालातील रंगद्रव्य नेमका हाच प्रकाश टिपते. त्यामुळे काही तांबडी शैवाले अत्यंत मंद प्रकाशातही जगू शकतात. बहामा बेटांजवळच्या समुद्रात २६८ मीटर खोलीवर, खडकावर कवचासारखे पसरलेले तांबडे शैवाल आढळले आहे. याचा अर्थ तांबडी शैवाले केवळ खोल पाण्यात राहतात असा मात्र नव्हे. अनेक जाती अगदी किनाऱ्यालगतच्या खडकांवरही वाढतात.

४. अधिवास

समुद्रशैवालाला दोन गोष्टी आवश्यक असतात : चिकटून राहण्यासाठी घट्ट आधार आणि पुरेसा प्रकाश. म्हणून वाळूच्या मोकळ्या पुळणीवर ती क्वचितच वाढतात; पुळणीवर दिसतात ती लाटांनी वाहून आणलेली. त्यांचे खरे घर म्हणजे खडकाळ किनारा. कोकणात ज्याला 'खडप' म्हणतात, तो भरतीला बुडणारा व ओहोटीला उघडा पडणारा कातळ हा शैवालांचा उत्तम अधिवास होय.

कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि तितकेच अधिक खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक कमी असतो. परिणामी कातळाच्या प्रत्येक उंचीवर पाण्याबाहेर राहण्याचा काळ निराळा असतो. वरच्या भागात ऊन, पावसाचे गोडे पाणी आणि कोरडेपणा सहन करणारी उल्व्हासारखी हिरवी शैवाले दिसतात. खालच्या भागात, जेथे कातळ उधाणाच्या ओहोटीतच उघडा पडतो, तेथे सरगॅसमची दाट वाढ आढळते. त्यांच्यामध्ये पॅडिना, कॉलर्पा, ग्रॅसिलॅरिया, हिप्निया यांसारख्या जाती आपापली जागा धरून असतात. खडपावर ओहोटीला उभे राहून वरून खाली पाहिले, तर हे पट्टे स्पष्ट ओळखता येतात.

थंड समुद्रांत शैवालांचे रूप याहून भव्य असते. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यांवर 'महाकेल्प' हे पिंगल शैवाल वाढते. त्याची लांबी ४५ मीटरांपर्यंत जाऊ शकते आणि अनुकूल स्थितीत ते दिवसाला सुमारे अर्धा मीटर वाढते. पाण्याखालच्या या अरण्यांत मासे, खेकडे, गोगलगायी यांना आसरा मिळतो. उत्तर पॅसिफिकमध्ये फरसाठी समुद्री ऊदमांजरांची बेसुमार शिकार झाली, तेव्हा त्यांचे भक्ष्य असलेल्या समुद्री साळूंची संख्या वाढली आणि त्या साळूंनी केल्पची अरण्ये कुरतडून टाकली. अधिवासातला एक दुवा निखळला की परिणाम कोठवर जातो, याचे हे अभ्यासलेले उदाहरण आहे.

५. जीवनचक्र : शिंपल्यात दडलेली पिढी

जमिनीवरचे पीक आपण बी पेरून घेतो. समुद्रशैवालाला बी नसते. त्याच्यापासून सूक्ष्म बीजुके किंवा गंतुके बाहेर पडतात. बीजुक एकट्याने रुजू शकते. गंतुकांचा संयोग व्हावा लागतो. अनेक जातींत बीजुके देणारी पिढी आणि गंतुके देणारी पिढी आळीपाळीने येतात. याला 'पिढ्यांचे एकांतरण' असे म्हणतात. उल्व्हात या दोन्ही पिढ्या दिसायला सारख्या असतात. केल्पमध्ये एक पिढी झाडाएवढी, तर दुसरी सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारी असते. सरगॅसममध्ये प्राण्यांप्रमाणे एकच स्वतंत्र पिढी असते. म्हणजे एका जातीविषयीचे ज्ञान दुसऱ्या जातीला लावता येत नाही.

या ज्ञानाचे मोल जपानच्या अनुभवावरून कळते. भाताचे सारण गुंडाळण्यासाठी जपानी लोक 'नोरी' नावाचे कागदासारखे पातळ, काळपट शैवाल वापरतात. ते पोर्फिरा गटातील तांबड्या शैवालापासून बनते. तोक्योच्या उपसागरात शेकडो वर्षांपासून उथळ पाण्यात बांबू आणि फांद्या रोवून नोरीची शेती होत असे. शरद ऋतूत त्या फांद्यांवर कोवळे शैवाल आपोआप धरे, हिवाळ्यात त्याची कापणी होई आणि उन्हाळा येताच ते नाहीसे होई. उन्हाळ्यात ते कोठे जाते आणि पुन्हा कोठून येते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पेरणी शेतकऱ्याच्या हाती नव्हती. एखाद्या वर्षी पीक भरघोस, तर एखाद्या वर्षी काहीच नाही. म्हणून त्याला जुगाराचे गवत म्हटले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत पीक फार घसरले आणि किनाऱ्यावरची कुटुंबे संकटात सापडली.

या प्रश्नाचे उत्तर जपानपासून हजारो किलोमीटर दूर, इंग्लंडमध्ये सापडले. मँचेस्टर येथील वनस्पतिशास्त्रज्ञ कॅथलीन ड्रू-बेकर या ब्रिटनच्या किनाऱ्यावरील पोर्फिराचा अभ्यास करीत होत्या. विवाहित स्त्रीला नोकरीवर न ठेवण्याच्या तत्कालीन नियमामुळे विवाहानंतर त्यांचे अध्यापनाचे पद गेले होते. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. पोर्फिराची बीजुके त्यांनी प्रयोगशाळेत शिंपल्यांवर वाढवून पाहिली. ती शिंपल्याच्या आत शिरली आणि तेथे गुलाबी रंगाच्या बारीक तंतूंचे जाळे तयार झाले. हे तंतू शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हते. 'काँकोसेलिस' या नावाने त्यांची एक स्वतंत्र जात म्हणून पूर्वीच नोंद झालेली होती. ती स्वतंत्र जात नसून पोर्फिराचीच दुसरी पिढी आहे, हे ड्रू-बेकर यांनी १९४९ साली 'नेचर' या नियतकालिकातील छोट्या लेखातून दाखवून दिले.

जपानी शास्त्रज्ञ सोकिची सेगावा यांनी जपानी नोरीवर हा शोध पडताळून पाहिला. उन्हाळ्यात नोरी नाहीशी होत नव्हती. ती समुद्रतळाच्या शिंपल्यांत राहत होती आणि पाणी निवू लागले की तेथून बीजुके सोडीत होती. यानंतर टाक्यांमध्ये कालवांच्या शिंपल्यांवर ही पिढी वाढवून तिची बीजुके जाळ्यांवर धरण्याचे तंत्र विकसित झाले. पेरणी शेतकऱ्याच्या हाती आली. ड्रू-बेकर यांचे १९५७ साली निधन झाले. त्या जपानला कधी गेल्या नव्हत्या. कुमामोतो प्रांतातील उतो येथे नोरी उत्पादकांनी १९६३ साली त्यांचे स्मारक उभारले. दरवर्षी १४ एप्रिल रोजी तेथे त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण केले जाते.

६. मानवी उपयोग

(अ) अन्न : जपान, चीन आणि कोरिया या देशांत समुद्रशैवाल हे रोजच्या आहारातील अन्न आहे. ब्रिटनमधील वेल्स प्रांतातही पोर्फिरा शिजवून खाण्याची जुनी परंपरा आहे. कोंबू नावाच्या केल्पच्या सारातील विशिष्ट चवीचा शोध घेताना किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ग्लुटामेट हे द्रव्य वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' हे नाव दिले. समुद्रशैवालात आयोडीन असते. आयोडीन या मूलद्रव्याचा शोधच १८११ साली फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना शैवालाच्या राखेवर काम करताना लागला. आयोडिनाच्या अभावी गलगंड होतो. मात्र काही पिंगल शैवालांत त्याचे प्रमाण इतके अधिक असते, की अतिसेवनही अपायकारक ठरते.

(आ) अगार : तांबड्या शैवालापासून मिळणारा अगार उकळत्या पाण्यात विरघळतो, निवल्यावर थिजतो आणि एकदा थिजल्यावर सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय वितळत नाही. या गुणाने सूक्ष्मजीवशास्त्राचा मार्ग मोकळा केला. रॉबर्ट कॉख यांच्या बर्लिनमधील प्रयोगशाळेत वाल्टर हेसे हे सूक्ष्मजंतू जिलेटिनवर वाढवीत असत. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून जाई आणि काही जंतूही ते पातळ करीत. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे स्वयंपाकात अगार वापरत असत. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून त्या तो शिकल्या होत्या. १८८१ साली त्यांनी जिलेटिनऐवजी अगार वापरण्याचे सुचविले. पुढील वर्षी कॉख यांनी क्षयरोगाच्या जंतूविषयीच्या आपल्या लेखात अगारचा उल्लेख केला. फॅनी यांचे नाव मात्र त्यात नव्हते. आजही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत 'कल्चर' लावले जाते, तेव्हा काचेच्या बशीतला तो थर बहुधा अगारचा असतो.

(इ) अल्जिनेट आणि कॅराजीनन : पिंगल शैवालापासून अल्जिनेट मिळते. कापडावरील छपाईचे रंग दाट करण्यासाठी, जखमेवरील पट्ट्यांत आणि दंतवैद्याकडे दातांचा ठसा घेण्यासाठी ते वापरतात. तांबड्या शैवालाच्या काही जातींपासून कॅराजीनन मिळते. आइस्क्रीम, दुधाची पेये आणि टूथपेस्ट यांना एकजीव, दाट ठेवण्याचे काम ते करते. समुद्र कधी न पाहिलेला माणूसही अशा रीतीने समुद्रशैवालाचा ग्राहक असतो.

(ई) शेती : किनाऱ्यावर वाहून आलेले शैवाल खत म्हणून वापरण्याची प्रथा अनेक देशांत जुनी आहे. आज शैवालाचा द्रवरूप अर्क पिकांवर फवारला जातो. महाराष्ट्रातील द्राक्ष आणि डाळिंब बागायतदारांना तो 'सीवीड' या नावाने परिचित आहे. भारत सरकारने २०२१ साली अशा जैव-उत्तेजकांचा खत नियंत्रण आदेशात समावेश केला. जनावरांच्या चाऱ्यात 'ॲस्परॅगॉप्सिस' या तांबड्या शैवालाचा अल्प अंश मिसळल्यास त्यांच्या पोटातून बाहेर पडणारा मिथेन वायू घटतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

या सर्व मागणीमुळे जगात दरवर्षी सुमारे साडेतीन कोटी टन ओले समुद्रशैवाल उत्पादित होते आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लागवडीचा असतो. चीन आणि इंडोनेशिया हे त्यात अग्रेसर आहेत. भारतीय किनाऱ्यांवर आठशेहून अधिक जाती नोंदलेल्या असूनही या उत्पादनात भारताचा वाटा अत्यल्प आहे.

७. मन्नारच्या आखाताचा अनुभव

भारतात समुद्रशैवालाचे सर्वांत मोठे क्षेत्र तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात, मंडपम आणि रामेश्वरमच्या परिसरात आहे. तेथील मच्छीमार स्त्रिया अनेक दशकांपासून अगार देणारी जेलिडिएला आणि ग्रॅसिलॅरिया ही शैवाले समुद्रात बुडी मारून गोळा करतात. तमिळ भाषेत शैवालाला 'पासी' म्हणतात. धारदार खडकांनी बोटे कापू नयेत म्हणून त्या बोटांना चिंध्या गुंडाळतात आणि डोळ्यांना पाण्यातला चष्मा लावतात. १९८६ साली येथील २१ बेटांभोवतीचे क्षेत्र सागरी राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. संरक्षणाचा हेतू योग्य होता. परंतु ज्या पाण्यावर या स्त्रियांची उपजीविका होती, तेथेच त्यांना मज्जाव झाला. पुढे स्त्रियांनी संघटित होऊन स्वतःवरच काही बंधने घालून घेतली. महिन्यातून बाराच दिवस शैवाल काढायचे, ही त्यांपैकी एक. या स्त्रियांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळाले. शैवाल पुन्हा वाढण्यास अवधी लागतो, हे ज्ञान त्यांना पुस्तकातून नव्हे, तर दररोजच्या बुडीतून मिळाले होते.

याच किनाऱ्यावर लागवडीचाही प्रयोग झाला. कॅराजीनन देणारे 'कॅपाफायकस' हे मूळचे आग्नेय आशियातील शैवाल. भावनगर येथील केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने ते १९८० च्या दशकात भारतात आणले, आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आणि नंतर मंडपम येथे वाढवले. इसवी सन २००० नंतर बचतगटांतील स्त्रियांनी बांबूच्या तराफ्यांवर त्याची लागवड केली. दोरीला शैवालाचे तुकडे बांधायचे आणि साधारणपणे पंचेचाळीस दिवसांनी कापणी करायची, अशी ही सोपी पद्धत आहे. अनेक कुटुंबांना तिने रोख उत्पन्न दिले.

मात्र दोन अडचणी पुढे आल्या. पहिली अडचण अधिवासाची. कॅपाफायकसचा तुटलेला तुकडाही वाढू शकतो. कुरुसडई बेटाजवळ हे शैवाल जिवंत प्रवाळांवर पसरून त्यांना झाकून टाकीत असल्याचे २००८ साली संशोधकांनी नोंदवले. धोका किती, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु बाहेरची जात मोकळ्या समुद्रात सोडल्यावर ती परत गोळा करणे फार कठीण असते, हे सर्वांनाच मान्य करावे लागले. दुसरी अडचण जीवनचक्राची. वर्षानुवर्षे तुकड्यांपासूनच लागवड झाल्यामुळे सर्व पीक आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकच होते. पाणी नेहमीपेक्षा तापले, तेव्हा त्यातला कोणता भाग तग धरेल अशी विविधताच उरली नव्हती. २०१३ नंतर मोठी मरतूक झाली आणि उत्पादन कोसळले. जपानमधील पेच येथे उलट्या बाजूने पुन्हा समोर आला : तेथे दुसरी पिढी ठाऊक नव्हती, येथे ती वगळली गेली होती.

८. कोकणासमोरील प्रश्न

हा अनुभव आपल्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत समुद्रशैवालाच्या लागवडीला प्रोत्साहन देण्यात आले आहे. मासळीची आवक अनिश्चित झालेल्या गावांना पूरक उत्पन्नाची गरज आहे. त्यामुळे लागवड करावी की नाही, यापेक्षा कोणत्या शैवालाची, कोठे आणि कोणाच्या हाताने करावी, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

कोकणचे ऋतुमान मंडपमपेक्षा निराळे आहे. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. नद्या आणि खाड्यांतून गोडे, गढूळ पाणी येते. क्षारता आणि प्रकाश दोन्ही घटतात. उघड्या समुद्रात तराफे टिकत नाहीत. पाऊस सरल्यावर पाणी निवळते आणि हिवाळ्यात खडपांवर शैवालांची वाढ भरास येते. रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण येथील आणि गोव्यात हणजूणच्या कातळांवरील शैवालांची विविधता त्या दिवसांत पाहण्यासारखी असते.

या नियमाला एक लक्षणीय अपवाद आहे. इतर शैवाले मंदावतात त्या पावसाळ्यातच कोकण-गोव्याच्या कातळांच्या वरच्या भागावर पोर्फिराची एक जात दिसू लागते. जपानी नोरीची ती सख्खी नातलग. पाऊस संपला की ती दिसेनाशी होते. ड्रू-बेकर यांच्या शोधानंतर तिच्या या लपंडावाकडे आपण वेगळ्या दृष्टीने पाहू शकतो. कातळावरचे पाते संपले म्हणजे शैवाल संपले असे नव्हे. त्याची दुसरी पिढी शिंपल्यांच्या आश्रयाने राहत असते. तेव्हा किनाऱ्यावरचे शिंपले खरवडून नेणे, खडप फोडणे किंवा खाडीत भराव टाकणे यांतून आपण जे दिसत नाही तेही नष्ट करीत असू शकतो.

माणसांचा प्रश्नही येथे तितकाच खरा आहे. १९८७ साली मालवण येथे २९ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. तेथे प्रवाळ आहेत आणि शैवालांची समृद्ध वाढही आहे. या घोषणेला स्थानिक मच्छीमारांनी दीर्घकाळ विरोध केला, कारण आपल्या पाण्यावरचा आपला हक्क जाईल अशी त्यांना भीती वाटत होती. मन्नारच्या आखातातील स्त्रियांचा अनुभव पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. ओहोटीला खडपावर कालवे काढणाऱ्या स्त्रीला कोणत्या महिन्यात कोणते शैवाल कोठे धरते हे ठाऊक असते. लागवडीची किंवा संरक्षणाची योजना आखताना हे ज्ञान विचारात घेतले, तर चुका टाळता येतील. स्थानिक जातींना प्राधान्य, बाहेरची जात आणण्यापूर्वी तिची बंदिस्त पाण्यात दीर्घ तपासणी, प्रवाळ आणि माशांच्या प्रजननस्थानांपासून लागवड दूर ठेवणे, आणि बीजुकांपासून नवी रोपे तयार करणाऱ्या रोपवाटिका या चार गोष्टी त्या योजनेत असणे आवश्यक आहे.

९. समारोप

समुद्रशैवाल ही मूळ, खोड, पाने नसलेली, सर्वांगाने पोषण घेणारी आणि प्रकाशाच्या मर्यादेत जगणारी जीवसृष्टी आहे. रंगद्रव्यांच्या आधारे तिचे तीन गट होतात. भरती-ओहोटी आणि ऋतू तिचे स्थान ठरवतात. अन्न, औषध, उद्योग आणि शेती या चारही क्षेत्रांत माणूस तिच्यावर अवलंबून आहे. जपानमध्ये एका दुर्लक्षित पिढीचा शोध लागल्यामुळे नोरीची शेती सावरली. मन्नारच्या आखातात अधिवास आणि जीवनचक्र यांचा पुरता विचार न झाल्यामुळे प्रवाळांना धोका निर्माण झाला आणि पीकही गेले. कोकणात हे काम अद्याप आरंभीच्या टप्प्यावर आहे. म्हणून येथील खडपांचा आणि त्यांवर जगणाऱ्या माणसांच्या अनुभवाचा पद्धतशीर अभ्यास आधी व्हावा, लागवड त्यानंतर व्हावी, हा या घटकाचा निष्कर्ष होय.

स्वाध्याय

१. समुद्रशैवालाचा दृढबंध आणि वनस्पतीचे मूळ यांतील फरक स्पष्ट करा.
२. 'पिढ्यांचे एकांतरण' ही संकल्पना नोरीच्या उदाहरणाने समजावून सांगा.
३. कॅपाफायकसच्या लागवडीतून कोणत्या दोन अडचणी निर्माण झाल्या? त्यांची कारणे लिहा.
४. 'शेवाळ' या शब्दाच्या रूढ अर्थछटा आणि या घटकातून कळलेले समुद्रशैवालाचे स्वरूप यांची तुलना करा.
५. उपक्रम : शक्य असल्यास हिवाळ्यात उधाणाच्या ओहोटीला एखाद्या खडपाला भेट द्या. वरपासून खालपर्यंत दिसणाऱ्या शैवालांच्या पट्ट्यांची, काहीही न उपटता, वर्णनात्मक नोंद करा आणि तेथे काम करणाऱ्या व्यक्तीकडून त्यांची स्थानिक नावे विचारून घ्या.